दुपारी गप असतं

कोपरखैरणे
१२ मार्च २०२६

वहिनी,

तुमी म्हणाल ही कोण लिहितेय. मीच आहे, ज्ञानेश्वरी. तुमच्या नवऱ्याची मुकी बहीण. तुमी मस्करीत असं म्हणता ते मला माहीत आहे, राग नाही. फोन केला असता, पण आई फोन स्पीकरवर टाकते आणि शेजारच्या उज्वलाकाकू पण कान लावतात. आणि बोलताना मला दम लागतो. दम लागला की समोरचा माझ्या तोंडाकडं बघत बसतो, मग काय बोलायचं होतं तेच जातं. लिहिताना कोणी बघत नाही. आठवीत शाळा सोडली तरी अक्षर अजून बरं आहे.

हे धनाजीदादाकडं देतेय. तुमचे भाऊ मार्केटात भाजीची गाडी खाली करून आपल्याकडं चहाला येतातच. मी म्हटलं, वाचू नका हां. तर म्हणतात, "मला वाचायचा नाद असता तर ड्रायवर झालो असतो का गं?"

रविवारी तुमी माहेरी निघालात. आईनं ओटी भरली, रणजीतदादानं बॅग उचलली आणि आईनं तुमच्या पिशवीत मिश्रीची पुडी टाकली. मी दारातच होते. बोलायचं होतं. बोलले नाही, बाजूला सरकले फक्त.

मला ते ग्रहण अजून दिसतंय. खाली पोरं धुळवड खेळत होती, आणि आपल्या खोलीत खिडकीला घोंगडी. आईनं विळी, सुरी, माझी कात्री पण फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून ज्या रबराच्या रिंगा मी कातरायला आणते, ते पोतं पण तुमच्या नजरेआड ठेवलं. पोटुशीसमोर काही कापलं तर बाळाचं काहीतरी कापतं म्हणे. तुमाला सरळ झोपवलं. कूस बदलायची नाही. खाजवायचं नाही. पहाटेपासून पाणी पण नाही.

दुपारी तुमी म्हणालात, "आई, भोवळ येतीय ओ."

आई म्हणाली, "अन्न न्हाय चालत गं बाय. मिश्री लाव. मिश्री काय पोटात जात न्हाय, तिला ग्रहण बाधत न्हाय. भूक मरंल."

आदल्या दिवशीच तंबाखूची पानं भाजून ठेवलेली तिनं, तव्यावर काळी करून. डबी तुमच्या उशाला ठेवली. तुमी एकदा लावलीत, परत लावलीत, परत. दुपारभर तेच. आई पदरानं वारा घालत होती. इतकी माया करत होती ना, म्हणून मला तोंड उघडता आलं नाही.

मग तुमी झोपलात, आईला पण डुलकी लागली. आणि वहिनी, खोलीत कोणीतरी श्वास घेत होतं. तुमचा नाही, आईचा नाही. बारीक, घाईघाईचा, उशीत तोंड दाबल्यासारखा. मला वाटलं माझाच असेल. मी श्वास धरून ठेवला. तरी येत होता.

ती पुडी फेकून द्या. मी असं का म्हणते ते विचारू नका, नुसती फेका. बाळ माझ्यासारखं नको व्हायला.

तुमची
ज्ञानेश्वरी


माहेर, ता. जावळी
२२ मार्च

ज्ञानू,

अगं बया, एवढी बोलतीस तू? लग्न होऊन दोन वर्सं झाली, 'चहा घ्या' ह्याच्या पुढं तुझा शब्द ऐकला न्हाय, आणि आता पानच्या पान. वाचताना मला तुझा आवाजच आठवंना.

पण एक सांगते, रागवू नको. पोटुशी बाईला असलं लिहायचं नसतं. श्वास म्हणं! मी ते पान माझ्या आईला वाचून दाखवलं तर तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, आणि आता मला संध्याकाळचं परसात एकटी सोडत न्हाय.

मिश्रीचं काय घेऊन बसलीस? माझी आई लावती, आजी लावायची, गावातली एक बाई दाखव न लावणारी. सगळ्यांची पोरं चांगली टोणगी हायती. मला पण सासरी आल्यावरच लागली, तुझ्या आईनंच दिली, दाढ दुखायची तवा. आता न्हाय लावली तर डोकं धरतं, माणूस दिसलं की चावावंसं वाटतं. ही काय दारू हाय व्हय?

आणि तुझी आई ग्रहणाला एवढी का भिती ते तुला ठाव हाय का? मला त्यांनी सांगितलंय, रडत. ग्रहणात त्यांनी भोपळा चिरला होता. कुणी सांगितलं न्हवतं त्यांना, नवीन होत्या. म्हणून तुझ्या आधीचा भाऊ जन्मल्यावर आठवडाभरात गेला, आणि तू अशी, सातव्यात झालेली, छातीनं अधू. त्या बाईनं आयुष्यभर स्वतःला बोल लावलाय. म्हणून माझी एवढी राखण केली. तू त्यांच्याच मायेला नावं ठेवतीस?

बाळाचं म्हणशील तर लई शहाणं हाय. सकाळी दंगा घालतं, पण दुपारी मिश्री लावून पडले की एकदम गप असतं. इतकं गप की मी पोटावर टिचकी मारते. तरी हालत न्हाय. तुझ्या दादासारखं, झोपलं की मेल्यागत.

श्वासाचा पंप घेत जा वेळेवर. धनाजीला जेवू घातल्याशिवाय सोडू नका.

तुझी वहिनी
भाविका


कोपरखैरणे
२ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. 'गप असतं' हे वाचल्यापासून.

माझ्या आधीच्या भावाला आई बाळू म्हणते. नाव ठेवायच्या आत गेला. त्याचं ती फार बोलत नाही, पण मार्केटातून लसूण निवडून आली की पाय पसरून बसते, तेव्हा कधीतरी एखादं वाक्य येतं. मागं एकदा म्हणाली होती, "लई गुणी होता गं. पोटात असताना पण तरास न्हाय दिला. दुपारचं तर हालायचा बी न्हाय."

तुमाला कळलं ना?

काल मी आईला परत विचारलं. मी विचारलं म्हणून ती बघतच राहिली, कारण मी काही विचारत नाही. म्हटलं, आई, तो भोपळा कधी चिरलास? ती म्हणाली, ते मोठं सूर्यग्रहण नव्हतं का, दिवसा अंधार होणार म्हणून सगळीकडं बोभाटा झालेला, त्या टायमाला. पोटात कोण होतं? तर म्हणाली, रणजीत.

वहिनी, दादा होता पोटात. दादा! तो मार्केटात पाठीवर पोती वाहतो आणि घरी येऊन पाच भाकरी खातो. बाळू त्याच्यानंतर. मी तर कितीतरी नंतर. मी म्हटलं, मग दादाला काहीच कसं झालं नाही? आई म्हणाली, "दोष असाच असतो. त्याला सोडलं, म्होरच्यांना धरलं." एका भोपळ्यानं किती पोरं खायची?

आणि मिश्री कधी लागली विचारलं तर हसून म्हणाली, रणजीतच्या बाळंतपणानंतर. हिरड्या सुजलेल्या, शेजारणीनं दिली.

दोन्ही गोष्टी ती एकाच दमात बोलली. तिच्या डोक्यात त्या कधी शेजारी शेजारी बसल्याच नाहीत. माझ्या डोक्यात आता उठत नाहीत.

अजून एक सांगते, मग तुमी काय ते ठरवा. मागच्या वर्षी माझी छाती जास्त झाली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, हिच्या वेळी तंबाखू, मिश्री काही होतं का? आई म्हणाली, "न्हाय ओ म्याडम, कदी न्हाय." आणि पदर तोंडाला लावला, कारण दात काळे दिसतात. बाईंनी ओळखलंच. म्हणाल्या, "हिचं त्यानंच झालं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. पण त्यानं बाळाला रक्त कमी पोचतं, बाळ लवकर होतं, बारकं होतं, फुप्फुसं कच्ची राहतात. पुढच्या वेळी लावू नका." पुढच्या वेळी! आई पन्नाशीची आहे, पप्पांना जाऊन दहा वर्षं झाली. रिक्षात हसून हसून तिचे डोळे गळत होते. मी पण हसले. मला तेव्हाच कळलेलं ती खोटं बोलली. पण असं वाटलं, बोलू दे, मी तर जगलेच आहे ना.

तुमचं बाळ शहाणं नाही वहिनी. त्याला श्वास पुरत नाही म्हणून ते गप असतं. तिथल्या नर्सबाईला विचारा. माझ्यावर विश्वास नका ठेवू, पण विचारा.

ज्ञानेश्वरी


जावळी
१४ एप्रिल

ज्ञानू,

टाकली पुडी. विषय संपला.

नर्सबाईंना विचारलं. त्या ओरडल्या. सगळं ठीक हाय, बाळ हालतंय. आईंना यातलं काय बोलू नको, त्यांच्या काळजाला लागंल. तू बी आता जास्त विचार करू नको, तुला दम लागंल.

भाविका


कोपरखैरणे
१७ एप्रिल

वहिनी,

तुमी खोटं लिहिलंत.

धनाजीदादा तुमचं पत्र माझ्या हातात देतात काय, आणि दुसऱ्या हातानं आईला तंबाखूच्या पानांची गुंडाळी देतात काय. म्हणाले, "मावशी, भावीला तुमच्याच हातची मिश्री पायजे. तिकडची कडू लागती म्हणती." आईचं तोंड बघायला पाहिजे होतं तुमी. कोणी कधी तिच्या हातच्या कशाचं कौतुक केलंय? लगेच तवा ठेवला. म्हणाली, "माझ्या सुनेची जीभ ओळखते बाय मी."

धनाजीदादा चहा पीत बसलेले. तव्यावर पानं वळायला लागली. तो वास तुमाला माहीत आहे, आधी गोडसर असतो, मग घशात काटा लागतो. मी दाराशी होते, तुमी निघालात त्या दिवशी होते तिथंच. आणि मला परत बाजूला सरकायचं होतं, खरंच. पण मला ते बाळ दिसलं वहिनी. अंधारात, हात छातीशी घेऊन, टिचकीची वाट बघत.

मी म्हणाले, "आई, नको."

"काय नको?"

"वहिनीला नको पाठवू."

"अगं तिनंच मागितलीय."

मी म्हणाले, "आई, भोपळा नव्हता."

तिला कळलंच नाही. म्हणून मला सगळं बोलायला लागलं. बाळू भोपळ्यानं नाही गेला. माझी छाती पण भोपळ्यानं नाही. भोपळा दादाच्या वेळचा. तेव्हा तू मिश्री लावत नव्हतीस. आमच्या दोघांच्या वेळी लावत होतीस. मी हे मोठ्यानं बोलले. धनाजीदादा कप हातात धरून भिंतीकडं बघत होते.

आई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "तूच. तुकड्यातुकड्यानं."

 ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा हात तव्याच्या वर तसाच, पानं जळून कोळसा झाली, खोलीभर धूर. माझी छाती भरली. मी खाली बसले. आईनंच पंप आणला, माझ्या तोंडाला लावला, पाठ चोळली. "घे. सोड. परत घे." एवढंच बोलली. माझा श्वास जागेवर येईपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि वहिनी, तिला मी दिसत नव्हते. माझ्या मागं कोणीतरी दिसत होतं.

भोपळा होता तोपर्यंत ती चुकलेली बाई होती, नवीन सून, कोणी न सांगितलेली. मी तो भोपळा काढून घेतला तिच्याकडून. त्याच्या जागी काय ठेवलं ते मला बघवत नाही.

तिनं गॅस बंद केला. तवा तसाच मोरीत टाकला. साडी बदलली, पिशवीत दोन कपडे टाकले आणि धनाजीदादाला म्हणाली, "गाडीत म्होरं जागा हाय का?" मार्केटात पण कळवलं नाही. दादाला मी काय सांगू ते पण नाही.

ती खाली गाडीत बसलीय. हे मी घाईत लिहून धनाजीदादाच्या खिशात टाकतेय. पत्र आणि आई एकदमच पोचतील.

तिला काही विचारू नका.

ज्ञानेश्वरी


सातारा
११ मे

ज्ञानू,

पोरगी झाली. आधी हे लिहिते. धनाजीनं फोनवर रणजीतला सांगितलंच असंल, पण तुला माझ्या अक्षरात कळावं असं वाटलं.

मी खोटं लिहिलं ते खरं हाय. तुझं पत्र वाचून पुडी चुलीत टाकलीच होती. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना हात कापायला लागले, शेजारच्या म्हातारीकडून चिमूट मागून घेतली. मग परत चालू. तुला काय सांगणार? तू जे लिहिलंस ते वाचून सुद्धा लावली, ह्याची मला लाज वाटली म्हणून 'टाकली' लिहिलं. आणि आईंच्या हातची मागवली, म्हटलं निदान चांगली तरी लावू. बघ कशी अक्कल.

आई गाडीतनं उतरल्या. माझ्या आईनं भाकरतुकडा ओवाळला, त्यांनी पाणीसुद्धा घेतलं न्हाय. सरळ माझ्याजवळ आल्या, कमरेची डबी काढून माझ्या हातात दिली. त्यांची स्वतःची. म्हणाल्या, "ही तू ठेव. तू लावलीस की मला बी दे. न्हाय लावलीस तर मला बी नको." बास. तुझं पत्र मी नंतर वाचलं.

त्या डबीला आम्ही दोघींनी हात लावला न्हाय. पण आठ दिवस कुत्र्यामांजरासारख्या भांडलो. मिठावरनं, दोरीवरच्या कपड्यावरनं. बडीशेप चावून चावून गाल सोलले. माझी आई हात जोडून म्हणायची, "बायांनो, एकदा लावा आणि मला सुखानं जगू द्या." तर आई तिच्यावर बी धावून गेल्या. मग माझ्या आईनं बी सोडली, भीतीनं.

जेवणं झाली की आई माझ्या पोटावर हात ठेवून बसायच्या.  आधी आधी पोरगी तशीच गप असायची, आणि त्यांचा हात थंड पडत जायचा. मग मिश्री सुटून दिवस गेले तसं ती दुपारची बी हालायला लागली. पयल्यांदा लाथ मारली तवा आई "व्हय, व्हय" म्हणाल्या. मला न्हाय, पोरीला बी न्हाय. दाराकडं बघून. कुणी हाक मारल्यावर उत्तर द्यावं तसं. मी वळून बघितलं. दार नुसतं उघडं होतं.

तारखेच्या आधीच कळा आल्या. सातारला आणलं. दोन किलोला थोडी कमी भरली. काचेच्या पेटीत ठेवली होती, आता माझ्याजवळ दिलीय. रडती, पिती, जीव लावून ओढती. डॉक्टर म्हणाले, आत्ता बरी हाय, पुढचं वाढताना बघायचं. आधीच थांबला असतात तर अजून बरं, पण थांबलात ते बरं केलंत. मी विचारलं, हिची छाती? ते म्हणाले, आज सांगता येत न्हाय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आई पोरीला घेत न्हाईत. दुपटी धुतात, मला शेक देतात, सगळं करतात, पण पोरीला हात लावत न्हाईत. मी मांडीवर ठेवायला गेले तर उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझा हात नको तिला. माझ्या हातानं दोघांचं केलंय." घरनं पुडीत आणलेल्या राखेनं हात घासतात. इतक्यांदा घासतात की बोटं फुटलीत. लांब बसून बघतात. पोरगी झोपेत जरा गप झाली की उभ्या राहून तिच्या छातीकडं बघतात, आणि ती हालेपर्यंत स्वतः श्वास घेत न्हाईत.

मी लई सांगितलं, तुम्ही होता म्हणून मी थांबले. ऐकत न्हाईत. माझं न्हाय ऐकायच्या. तुझं ऐकतील. तू लिही, मी वाचून दाखवते.

भाविका


कोपरखैरणे
१६ मे

वहिनी,

बाळाला माझ्याकडून पापी. दादा रोज मार्केटातल्या सगळ्यांना सांगतो की त्याच्यासारखी दिसते. बिचारी.

हे खालचं आईसाठी आहे. मोठ्यानं वाचा. तुमची आई असली समोर तरी चालेल.

आई, तू गेल्यापासून मी बोलायला लागलेय. बोलायलाच लागतं, दिवसभर घरात माझ्या जागी बोलणारं कोणी नाही. उज्वलाकाकूंना सांगितलं, त्यांची सून पण पोटुशी आहे म्हणून. पावण्याला रिंगा आणायला गेले तिथल्या बायकांत एक तशीच आहे, तिला पण सांगितलं. ती म्हणाली, तुला काय माहीत पोरी? मी म्हणाले, मला माहीत आहे, माझा श्वास ऐका. तिनं ऐकला.

तुझं नाव मी कोणाला सांगितलं नाही.

आई, तुला कोणी सांगितलं नव्हतं. भोपळ्याचं सगळ्यांनी सांगितलं, याचं कोणीच नाही. तुला हिरड्या दुखत होत्या. हे मी स्वतःला रोज सांगते. तरी मला राग आहे. पायऱ्या चढताना जास्त येतो. शाळेच्या पोरी ड्रेस घालून जाताना दिसल्या की येतो. बाळूला मी कधी बघितलं नाही, पण त्याच्या वाटणीचा पण येतो. जाईल की नाही माहीत नाही. तू हात घासून तो जाणार नाहीये.

पण राग आला म्हणून मी पंप घेताना तुझ्या हाताला धरलं नाही असं कधी झालंय का? तो हात मला लागतो. तिला पण लागेल. तुला झोपेत श्वास कसा अडकतो ते कळतं, वहिनीला नाही कळत, डॉक्टरला तर नाहीच. सतरा वर्षं तू दुसरं काय केलंस?

तिला घे.

एवढंच आईसाठी. वहिनी, वाचताना रागाचं गाळू नका. तुमाला गाळावंसं वाटेल. तिला कळू दे की राग आहे आणि मी तरी लिहिलंय. ती रडेल. रडत असतानाच बाळ तिच्या मांडीवर ठेवा, विचारू नका, आणि तुमी बाहेर जाऊन बसा.

ज्ञानेश्वरी